चार वाकड्या भाकरी

आमच्या भागात लकवा मारला असं क्वचितच म्हणतात. अंगावरून वारं गेलं, असं म्हणतात. पहाटे गार पाण्यानं अंघोळ केली होती का, कुणाची नजर लागली का, हे विचारतात. वारं किती वाजता गेलं, हे कुणी विचारत नाही. आईच्या वेळी मीही विचारलं नव्हतं. वीस वर्षं बातम्या लिहिण्यात गेलेल्या माणसाला ‘कधी’ हा प्रश्न विसरण्याची मुभा नसते.

मार्च महिना होता. डोंगरकड्याला, आमच्या गावी, शेतात हळद शिजवायचं काम चालू होतं. मशीन आणि तिच्याबरोबरची नऊ माणसांची टोळी आदल्या दिवशी आली होती. वडील आणि मी सकाळी सात वाजता घरून निघालो. आई अंगणात चहाची भांडी घासत होती. मी पिण्याच्या पाण्याचा कॅन न घेताच फाटकाबाहेर पडलो, तेव्हा तिनं हाक मारली. “दुनियेच्या खबरा ध्यानात ऱ्हातात,” ती म्हणाली, “आन् घरचा कॅन ऱ्हात न्हाई.” बोलणं स्वच्छ होतं, चेहरा नेहमीचा होता. हे मी पुढे डॉक्टरांना सांगितलं, आणि तेवढंच मला सांगता आलं.

टोळीच्या भाकरी आईच करायची. हळदीच्या दिवसांत गल्ली सकाळी रिकामी असते, त्यामुळे सातनंतर घरात ती एकटीच होती. भाकरी न्यायला तांड्यावरची मावशी येणार होती. ही मावशी पन्नाशी ओलांडलेली, दरवर्षी आमच्याकडे येणाऱ्या त्या टोळीत शिजलेली हळद पसरायच्या कामाला. ती आईला ताई म्हणायची, आणि दोघींचं बोलणं बहुतेक एकमेकींना नावं ठेवण्यातच चालायचं.

मावशी आली तेव्हा स्वयंपाकघरात धूर होता. तव्यावर भाकरी करपत होती. आई भिंतीला टेकून बसली होती, उजवा हात परातीत पडलेला, तोंड डावीकडे ओढलेलं, आणि उजव्या कोपऱ्यातून लाळ. तिनं मावशीकडे पाहिलं, काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, आणि नुसता आवाज आला. मावशीनं हाळी दिली. गल्लीच्या टोकाला राहणारी काकू धावत आली, तिनं मला फोन केला. तो फोन नऊ वाजून बावन्न मिनिटांनी आला. ही वेळ माझ्या मोबाइलमध्ये नोंदलेली आहे म्हणून खात्रीनं सांगतो.

आम्ही पोचलो तोवर आईला बाजेवर ठेवलं होतं आणि आठ-दहा माणसं जमली होती. त्यातलं एकही माणूस बघ्या नव्हतं, हे आवर्जून लिहायला हवं. प्रत्येकाजवळ एक उपाय होता, आणि प्रत्येक जण तो मनापासून करायला निघाला होता. काकूला फिट वाटली होती, तिनं कांदा फोडून आईच्या नाकाशी धरला होता. चुलत्यांनी पारवा आणायला मोटारसायकल पाठवली होती. जिवंत पारवा कापून त्याचं ऊन रक्त मेलेल्या बाजूला चोळायचं, हा आमच्याकडचा जुना उपाय. चुलतभावाच्या बायकोनं मोबाइलवर आलेला एक निरोप वाचला होता, की दहाही बोटांची टोकं सुईनं टोचून रक्त काढलं की मेंदूवरचा दाब उतरतो. तिनं सुई जाळावर धरून दोन बोटं टोचलीही होती. आणखी कुणी लसूण ठेचून दुधात उकळत होतं.

दुधाची वाटी आईच्या ओठाला लागणार, एवढ्यात मावशीनं ती हातातून काढून घेतली.

“काहून?” चुलत्यांनी विचारलं. “दूध काय ईख हाय?”

मावशीनं वाटी खिडकीत ठेवली. मग आईला डाव्या कुशीवर वळवलं, पदरानं तोंड पुसलं, आणि कुणाकडे न बघता सांगितलं. तिच्या नवऱ्याला सहा वर्षांपूर्वी वारं गेलं होतं. तेव्हा असंच दूध पाजलं, ते छातीत गेलं, पंधरा दिवस ताप उतरला नाही. पारवे कापले, एक नाही, दोन. मग तेल लावणाऱ्याकडे नेलं, तिथं पाच दिवस मुक्काम केला. सहाव्या दिवशी नांदेडला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, त्याच दिवशी आणायचं होतं. त्याचा एक हात अजून उठत नाही, घास तीच भरवते. यातलं तिचं एकच वाक्य मी जसंच्या तसं सांगू शकतो.

“पारव्यात काय न्हाई, मालक. टाइमात हाय.”

चुलते गावातलं वजन असलेलं माणूस. टोळीतल्या बाईनं त्यांना चारचौघांत असं सांगावं, हे एरवी झालं नसतं. थोड्या वेळानं पारवा आला, पिशवीत फडफडत, आणि त्यांनी तो घेऊन येणाऱ्याला दारातूनच परत पाठवला.

गावातल्या डॉक्टरांनी रक्तदाब आणि साखर पाहिली, पोटात काही देऊ नका, मेंदूचा फोटो निघेल अशा ठिकाणी थेट न्या, असं सांगितलं आणि नांदेडच्या एका रुग्णालयात स्वतः फोन केला. शेजाऱ्याची जीप मिळाली. निघालो तेव्हा दहा पस्तीस झाले होते. आई मागच्या सीटवर कुशीवर, डोकं माझ्या मांडीवर. समोर वडील. पायाशी मावशी, आणि तिच्या मांडीवर फडक्यात बांधलेली भाकरीची दुरडी. ती दुरडी तिनं का घेतली, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. रुग्णालयात जाताना माणसं भाकरी बांधून नेतातच. टोळी त्या दिवशी मुरमुऱ्यावर राहिली.

अकरा पस्तीसला पोचलो. तपासणाऱ्या डॉक्टर तिशीच्या होत्या, बोलणं भराभर पण चढ्या आवाजात नाही. त्यांनी आईला हसायला सांगितलं, दोन्ही हात उचलायला सांगितले, एक सोपं वाक्य मागून म्हणायला सांगितलं. तिन्ही जमलं नाही. टोचलेली बोटं पाहून त्यांनी कपाळाला आठी घातली. खायला-प्यायला काही दिलं का, विचारलं. नाही म्हटल्यावर मान हलवली. मग माझ्याकडे वळल्या.

“शेवटचं नीट केव्हा पाहिलं?”

मी म्हणालो, साडेनऊच्या सुमारास झालं असावं.

“झालं केव्हा, हे विचारत नाही. नीट होत्या असं शेवटचं कुणी, केव्हा पाहिलं?”

सात वाजता. मी. दुसरं उत्तर नव्हतं. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि आम्हाला सरळ सांगितलं. मेंदूत रक्ताची गाठ अडकली असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन आहे. ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्यानंतर फायद्यापेक्षा रक्तस्रावाचा धोका वाढत जातो. आणि वेळ माहीत नसेल तेव्हा माणूस शेवटचं धडधाकट दिसलं तिथून मोजायची, हा नियम आहे. सातपासून मोजलं तर मुदत साडेअकराला संपली होती. आम्ही पाच मिनिटं उशिरा आलो होतो.

‘सुमारास’ हा शब्द मी हजारो बातम्यांत वापरला होता. अपघात पहाटेच्या सुमारास होतो, आग दुपारच्या सुमारास लागते. या शब्दानं तोवर माझं कधी काही अडलं नव्हतं.

मावशी दाराशी उकिडवी बसली होती. तिनं विचारलं, “बाई, किती वाजता वारं गेलं ते सांगितलं तर सुई देता का?”

डॉक्टर म्हणाल्या, खात्रीनं सांगता आलं तर विचार करता येईल.

मावशीनं दुरडी पुढे ओढली आणि फडकं सोडलं. सगळ्यांत वर करपलेली भाकरी होती. तव्यावरून काढताना तिनं ती टाकून न देता चवडीवर ठेवली होती, सवयीनं. ती तिनं बाजूला घेतली. तिच्याखालच्या तीन एकेक करून फरशीवर पसरलेल्या फडक्यावर मांडल्या. तिन्ही वाकड्या होत्या. एका बाजूला जाड, दुसरीकडे कड फाटलेली. आई बोटांनी थापायची, तिच्या भाकरीवर बोटांचे बारीक, सारखे ठसे असायचे. या तिन्हींवर बोटं नव्हती. मनगटालगतचा तळवा दाबल्याचे खळगे होते. थापल्याच्या क्रमानं पहिलीवर एक, दुसरीवर चार, तिसरी तर जवळजवळ नुसती दाबूनच पसरवलेली. त्यांच्या खालची भाकरी मावशीनं उचलून उजेडात धरली. ती गोल होती, कडेपर्यंत पातळ. तिच्याखालचीही तशीच. तळापर्यंत तशाच सतरा.

“हितपर्यंत हात बराबर हाय,” ती सतराव्या भाकरीवर बोट ठेवून म्हणाली. “हितून गेला. चार भाकरी. माझ्या हातानं दहा मिनटं लागतात. तिचा हात जड झाल्ता, पंधरा धरा. वीस धरा. मी गेले तवा ही चौथी तव्यावर धूर देऊन राहिली व्हती.”

डॉक्टर खाली बसल्या. अंगावर पांढरा कोट, गुडघे फरशीला. त्यांनी तिसरी भाकरी उचलून पाहिली, मग दुसरी. दुसऱ्या कुणी थापल्या नसतील कशावरून, असं विचारलं. घरात ती एकटीच होती, मी सांगितलं. फोनची वेळ विचारली, ती मी मोबाइलवर दाखवली. नऊ बावन्न. त्यातून वीस मिनिटं वजा, हाळीपासून फोनपर्यंतची पाच वजा, म्हणजे नऊ सत्तावीस. तिथून साडेचार तास म्हणजे जवळजवळ दोन. डॉक्टरांनी आपल्या वरिष्ठांना फोन लावला आणि इंग्रजी-मराठीत, मध्ये एकदा ‘भाकरी’ हा शब्द वापरून, सगळं सांगितलं. पलीकडून काही विचारलं गेलं. “हो सर, माझ्या हातात आहे,” त्या म्हणाल्या.

मी त्या भाकरींकडे पाहत होतो. आतापर्यंत त्या भाकरी म्हणजे मावशीचा पुरावा होता. तेव्हा पहिल्यांदा त्या मला आईच्या म्हणून दिसल्या. मेंदूच्या डाव्या भागात रक्त थांबलं होतं, बोटं एकेक करून सुटत होती, आणि ती थांबली नव्हती. बोटं गेली तेव्हा तिनं मनगट वापरलं. मनगटही गेलं तेव्हा बहुधा दंडाचं वजन टाकलं. चौथी तव्यावर टाकली आणि मग भिंतीला टेकली. मी दंगली पाहिल्या आहेत, पूर पाहिले आहेत, फुटलेली धरणं पाहिली आहेत. एवढं मोठं काही मी पाहिलेलं नव्हतं, आणि ते एका दुरडीत मावत होतं.

मेंदूच्या फोटोत रक्तस्राव नव्हता, आणि मेंदूचा फारसा भाग अजून मेलेला दिसत नव्हता. हे मावशीच्या हिशोबाशी जुळतं, असं डॉक्टर म्हणाल्या. धोके त्यांनी वडिलांना दोनदा समजावले. वडिलांनी सही केली. बारा वाजून बावीस मिनिटांनी औषध सुरू झालं.

त्यानंतर दर पंधरा मिनिटांनी नर्स यायची, आईचा उजवा हात उचलून सोडायची आणि म्हणायची, “आजी, धरा.” काचेच्या दारातून मला दिसत होतं. खिशात वही होती, मी वेळा लिहीत होतो.

बारा सदतीस. हात पडला.

बारा बावन्न. हात पडला.

एक सात. पडला, पण सावकाश. नर्स थांबली, तिनं पुन्हा उचलला. पुन्हा सावकाश.

एक बावीस. बोटं मिटली आणि उघडली. नर्सनं डॉक्टरांना हाक मारली.

एक सदतीस. कोपर गादीवरून उठलं. हात हवेत राहिला, थरथरत, अर्धाच वर, पण नर्सचा आधार नसताना. माझ्या शेजारी मावशी काचेला कपाळ लावून उभी होती. सहा वर्षांपूर्वी ती कुठल्या बाजेशी उभी होती, हे मला ठाऊक होतं. वहीत त्यापुढे नोंद नाही.

संध्याकाळी सहाच्या आधी आई बोलली. शब्द जाड होते, पण ओळखू येत होते. मावशीला आत सोडलं तेव्हा आईनं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं.

“तू हितं... काय करून राहिलीस?”

“तुझी चाकरी,” मावशी म्हणाली. “रोजची सवय हाय मला.”

आई हसली. ओठाची उजवी बाजू थोडी मागे राहिली.

आठ दिवसांनी घरी आणलं. पुढचे दोन महिने रोज सकाळ-संध्याकाळ व्यायाम, रक्तदाबाची गोळी, आणि चुलत्यांची देखरेख. कुणी दुसरं काही सुचवलं की ते स्वतःच त्याला वाटेला लावायचे. वारं गेलं की काय करायचं, असं गावात कुणी त्यांना विचारलं तर ते आधी घड्याळ बघायला सांगतात, मग कुशीवर निजवायला, मग गाडी काढायला.

एकदा, उन्हाळ्याच्या शेवटी, मी आईला विचारलं की हात जातोय हे कळल्यावरही ती का थांबली नाही. तिनं विचार केला. तिला ते काहीच आठवत नव्हतं. सतरा आठवत होत्या, त्या तिनं मोजल्या होत्या. मग एकदम रुग्णालयाचं छत. मधल्या चार भाकरी कुणी थापल्या, असं विचारलं तर ती म्हणाली, “मीच थापल्या असतील. दुसरं कोण व्हतं?”

आता ती उजव्या हातानं वेणी घालते. तिसरा पेड बोटांतून सुटतो. ती तो पुन्हा उचलते, पुन्हा सुटतो, पुन्हा उचलते. मदतीला कुणी पुढे गेलं तर मान झटकते. सगळं व्हायला सव्वापाच मिनिटं लागतात. गेल्या महिन्यात सात लागत होती.