पत्रिकेत मी कुठेच नाही

मला मत्सर वाटला, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी ओळखून दाखवण्यापेक्षा ते बरं.

माझ्या मैत्रिणीची कादंबरी आली. घोडेगावात तिचं झेरॉक्स आणि छपाईचं दुकान आहे. तहसीलच्या कामाला आलेली माणसं तिच्याकडे कागदांच्या प्रती काढतात आणि लग्नसराईत पत्रिका छापून घेतात. वीस-बावीस वर्षं ती कॉम्प्युटरवर लोकांच्या काका-मामांची नावं जुळवत बसली आहे. कॉलेजला असताना आम्ही दोघी एकाच एसटीनं मंचरला यायचो. पुढे मी एम.ए. केलं, मंचरच्याच एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायला लागले, एक कवितासंग्रह काढला. कपाटात एक अर्धी कादंबरी अकरा वर्षं पडून आहे. आमच्या दोघींत लेखिका कोण, हा प्रश्न कधी कुणाला पडला नव्हता. मला तर नाहीच नाही.

आणि हिनं मला पत्ता लागू न देता आख्खी कादंबरी लिहिली. पुण्याच्या प्रकाशकानं ती छापली आणि मला ती मिळाली कुरिअरनं. घोडेगाव-मंचर अंतर ते केवढं! एसटीत बसून हातात आणून द्यायला काय झालं होतं, असं मी कुरिअरवाल्याच्या देखतच बोलले.

पुस्तक उघडलं आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं, कारण ती कादंबरीसारखी दिसतच नव्हती. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ती एकच लग्नपत्रिका होती. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ अशी सुरुवात. मग निमंत्रक, कार्यवाहक, व्यवस्थापक, प्रेषक अशी प्रकरणं, आणि पानोपानी पत्रिकेचा मजकूर जुळवणाऱ्या बाईच्या तळटीपा. भावकीतला एक जण दोन बाजूंनी नातं लागतं म्हणून दोनदा छापला जातो आणि पुढे स्वतःशीच अबोला धरतो. मामांच्या फोटोसाठी एक पान कोरं सोडलंय. मामा फोटो पाठवतच नाहीत. खोडदच्या त्या अवाढव्य रेडिओ दुर्बिणीला पत्रिका द्यायची की नाही, यावर दीड प्रकरण भांडण आहे, कारण वराच्या चुलत्याचं म्हणणं, ती रोज आपल्या शिवारात उभी असते, तिला वगळलं तर बरं दिसेल का. नावं वाढत जातात, मुहूर्त पुढे जातो, आणि शेवटी जागा पुरत नाही म्हणून गाळतात कुणाला, तर नवरदेवाला. संपली कादंबरी.

यात वाङ्मय कुठं आहे, असं मी मोठ्यानं म्हणाले. तेव्हा माझा नवरा समोर चहा पीत होता. लग्न झाल्यापासून त्यानं पेपराखेरीज काही वाचलेलं मी पाहिलेलं नाही. माझा कवितासंग्रह त्यानं कौतुकानं प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून ठेवला आहे, आणि तो तिथंच आहे. त्यानं पुस्तक सहज हातात घेतलं. दहाव्या मिनिटाला त्याला ठसका लागला. ‘अगं, हा टायर बघितल्याशिवाय गाडीत न बसणारा पावणा म्हणजे मीच की!’ असं म्हणून तो हसत सुटला. त्या दिवशी तो आपल्या टायरच्या दुकानात उशिरा गेला आणि जाताना पुस्तक घेऊन गेला. एवढा आनंद मी त्याला कधी दिला असेल, ते मला आठवेना.

चार दिवसांनी वाचनालयाच्या अध्यक्षांचा फोन आला. कांदा-बटाट्याचे आडते आहेत. घराणं मूळ राजस्थानचं, पण चार पिढ्या मंचरातच गेल्या. म्हणाले, ‘मॅडम, तुमची मैत्रीण ना ती? रविवारी कार्यक्रम ठेवलाय. बाई येणारेत. तुम्ही अर्थ सांगायचा.’

‘कसला अर्थ?’

‘पुस्तकाचा हो! आम्हाला हसायला लई येतं राव, पण अर्थ काय ते कुणाला सांगता येईना. तुम्ही शिकवता, तुम्हाला कळंल.’

मी हो म्हणाले. मनात म्हटलं, बरं झालं, आता चारचौघांत दाखवून देते की आत काही नाही.

पेन्सिल घेऊन बसले. पहिल्यांदा वाटलं, गाळलेला नवरदेव म्हणजे आपल्या समाजाचा हरवलेला मध्य. तसं समासात लिहिलं. पान उलटलं तर तळटीप होती: ‘नवरदेव कुठं गेला असं कुणी विचारू नये, तो टेम्पो ठरवायला गेलाय.’ मग वाटलं, दुर्बीण म्हणजे सगळं ऐकणारा देव. चार पानांनी वराची आत्या म्हणते की दुर्बीण येणार असेल तर तिच्या उंचीचा मांडव कोण घालणार. जिथं मी अर्थ लावायला जाई, तिथं ही बाई आधीच कुणाला तरी खुर्ची टाकून बसवून गेलेली. मला तिचा इतका राग आला की पेन्सिलीचं टोक मोडलं.

तिसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की मी अर्थ शोधतच नाहीये. आमच्याकडे पत्रिका आली की तारीख-मुहूर्त कुणी आधी बघत नाही. नावांच्या यादीवरून बोट फिरवायचं आणि आपलं नाव शोधायचं. नाव नसलं की आख्खी भावकी लग्नाला जात नाही. मी तेच करत होते. आमच्या एसटीचा कंडक्टर त्यात होता. कॉलेजच्या कोपऱ्यावरची भेळवाली होती. माझा नवरा तर मानाच्या पाहुण्यांत. मराठी शिकवणारी कुणी असेल, कवितेची वही असेल, निदान एसटीत खिडकी धरून बसणारी कुणी तरी असेल, म्हणून मी तळटीपासुद्धा चाळल्या. मी कुठेच नव्हते.

शुक्रवारी कॉलेज सुटल्यावर घोडेगावची गाडी पकडली. ती दुकानात कुणाचा तरी सातबारा झेरॉक्स करत होती. गिऱ्हाईक गेल्यावर मी भाषणाचं निमित्त वगैरे काही केलं नाही, सरळ विचारलं, ‘सगळा तालुका घातलास. मी कुठंय?’

‘तू न्हाईस त्यात,’ ती म्हणाली.

‘का? तेवढीही किंमत नाही माझी?’

तिनं मशीन बंद केलं. ‘रागवू नको. तुजं काय हाय, मला कशाचं हसू आलं ना, की मी आधी तुज्या तोंडाकडं बघते. कॉलेजात व्हतो तवापासनं. तू हसलीस की मी हसायचं. तू नाक मुरडलं की मला वाटायचं, ह्यात हसण्यासारखं काय नव्हतंच. तुला पुस्तकात घेतलं असतं तर तू तिथनं बघत बसली असतीस आन् मला एक ओळ लिवता आली नसती. म्हणून तुला भाईर ठिवलं.’

भांडणाचा सूर नव्हता. बिल सांगावं इतक्या सरळपणे ती बोलली आणि मग मला चहा सांगायला शेजारच्या हॉटेलकडे वळली. मी तो न पिताच निघाले. गाडीत बसल्यावर एकेक उत्तर सुचायला लागलं. मी काय फौजदार होते का? कधी हसू नको म्हणाले का तुला? म्हटलं नव्हतं. पण ती कंडक्टरची नक्कल करायची आणि मी खिडकीबाहेर बघायचे, हे मला गाडीतच आठवलं. मत्सर मला तेव्हाही वाटायचा. सगळी एसटी तिच्याकडे बघायची.

तरीही मी भाषण लिहिलंच. चार कागद. ‘ही कादंबरी नव्हे, हा एक लांबलेला विनोद आहे’ असं पहिलंच वाक्य. मला ते फार आवडलं होतं.

रविवारी वाचनालय भरलं होतं. ती पहिल्या ओळीत होती, लग्नाला नेसते ती हिरवी साडी नेसून. मी माईकसमोर उभी राहिले, कागद उघडले आणि ते वाक्य तोंडातून निघेना. दया आली म्हणून नाही. माणसं हातात पुस्तक धरून बसली होती, कोपरे दुमडलेलं, तेलाचे डाग पडलेलं, आणि माझं कुठलंही पुस्तक तसं कधी दिसणार नव्हतं. त्यांच्यासमोर मी काय सिद्ध करणार होते?

‘अर्थ मला सापडला नाही,’ मी म्हणाले. ‘मी दुर्बिणीचं प्रकरण वाचून दाखवते.’

वर्गात वाचते तसं वाचलं. दुसऱ्या परिच्छेदाला मागून कुणीतरी फिसकलं. चुलत्याचं बोलणं आलं तेव्हा अध्यक्ष टोपीनं डोळे पुसत होते. माझा नवरा तर शेजाऱ्याच्या मांडीवर थापा मारत होता. माझ्या वाचण्यानं लोकांना हसू फुटत होतं आणि ते सगळं तिचं होतं. त्या क्षणीही आत जळलं, खोटं कशाला सांगू.

श्वास घ्यायला म्हणून मान वर केली. सगळं वाचनालय हसत होतं आणि ती हसत नव्हती. हात मांडीवर घट्ट धरून माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी पुढची ओळ वाचली आणि हसले. ते हसू थोडं आलेलं होतं, थोडं आणलेलं.

मग ती हसली.