एकाच्या लघवीवर दोघं नापास

रांजणगावच्या एका कारखान्यात मी क्वालिटीत आहे. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा. ही सवय घरीही सुटत नाही. भाकरी एका बाजूनं जाड झाली की माझ्या तोंडून निघून जातं, आणि मग पुढचे दोन दिवस मुद्दाम तशीच भाकरी ताटात येते.

स्वतःच्या तब्येतीत मात्र मी कधी खोट काढली नव्हती. गेल्या दिवाळीनंतर माझा चेहरा भरू लागला. सकाळी डोळे जड, संध्याकाळी मोज्याचं इलॅस्टिक पायात रुतलेलं. शिरूरला आमच्या गल्लीत सगळे म्हणायला लागले, तब्येत सुधारली, वहिनींच्या हाताला चव आहे. बायको खूश, मी तिच्याहून खूश. दौंडला एका लग्नात चुलत्यांनी चारचौघांत माझे गाल दाखवून आपल्या पोराला सांगितलं की नोकरी करावी ती अशी. आमच्याकडे सुजलेला माणूस सुखी दिसतो, त्याला डॉक्टरकडे पाठवायचं कोणाच्या डोक्यात येत नाही.

कंपनीत दरवर्षी मेडिकल होतं. कॅन्टीनच्या मागं टेबलं मांडतात, वजन, बीपी, रक्त झालं की नावाचं स्टिकर लावलेली छोटी बाटली हातात देतात. रांगेत माझ्या मागं माझा दोस्त होता. तो मशीनवर असतो आणि एकच पाळी असली की शिरूरहून माझ्याच गाडीवर मागं बसून येतो. त्या दिवशी तो रातपाळी संपवून आला होता, बस सुटायला पाच मिनिटं राहिली होती आणि त्याला काही केल्या होईना. शेवटी त्यानं बाटली माझ्यापुढं धरली. मी भरून दिली. यात फार नवल नव्हतं, असली मदत आमच्याकडं पुष्कळजण करतात. शिवाय मला त्याची दयाच आली. तिशीतला गडी आणि एवढंही जमेना.

पंधरा दिवसांनी दोघांनाही कंपनीच्या डॉक्टरांचं बोलावणं आलं. दोघांच्याही लघवीत प्रोटीन, चार प्लस, म्हणजे सगळ्यात वरचा आकडा. डॉक्टर काळजीत पडले होते. तुम्ही एकत्र जेवता का, एकाच केमिकलजवळ काम करता का, असं खोदून खोदून विचारत होते. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि माना खाली घातल्या. बाहेर आल्यावर दोस्त इतका हसला की पायरीवरच बसला. मग एकदम हसायचा थांबला.

"म्हंजी दोन्ही बाटल्या तुझ्याच," तो म्हणाला. "माझं काय न्हाई. तुझंच काय तरी बिघडलंय, गड्या."

एकच रिपोर्ट खराब आला असता तर मी सरळ लॅबवर ढकलला असता. बाटली बदलली असेल, मशीन बिघडलं असेल, मला शंभर कारणं सुचली असती. पण माझा धंदाच तो. एक रीडिंग चुकलं तर मीटरवर संशय घ्यायचा, दोन वेगवेगळी सॅम्पलं तेच सांगायला लागली तर माल खराब. आयुष्यात पहिल्यांदा मी रिजेक्ट झालो होतो, आणि तेही दोनदा.

आम्ही परत आत जाऊन खरं काय ते सांगून टाकलं. डॉक्टरांनी यथेच्छ झापलं. तेव्हापासून मेडिकलच्या दिवशी बाथरूमच्या दाराशी सिक्युरिटीवाला उभा असतो आणि अख्खी कंपनी आमचा उद्धार करते. दोस्ताची लघवी शिरूरला पुन्हा तपासली, ती स्वच्छ निघाली. पण पहिला रिपोर्ट त्याच्या बायकोनं मोबाइलवर आधीच पाहिला होता आणि बाटलीची भानगड तिला सांगायची त्याची हिंमत होईना. त्यामुळं आठ दिवस त्यालाही अळणी डबा आला. कॅन्टीनमध्ये आम्ही दोघं समोरासमोर बसून बिनमिठाची भाजी खायचो. मी रोगामुळं, तो भीतीमुळं.

पुण्याच्या किडनीच्या डॉक्टरांनी सांगितलं की किडनीची गाळणी गळते आहे, पण का गळते ते वरून कळत नाही. लहान मुलांना बहुतेक वेळा थेट गोळ्या सुरू करतात, माझ्या वयाला मात्र सुई घालून किडनीचा तुकडा काढून बघावा लागतो. कोणाच्या गाळणीच्या भिंती जाड झालेल्या असतात, कोणाच्या गाळणीत नको ते साठलेलं असतं, कोणाच्या आत नुसते व्रण. व्रण असतील तर आज ना उद्या डायलिसिस. मी विचारलं, माझ्यात काय असेल. ते म्हणाले, अंदाज मी सांगणार नाही, बघून सांगेन. भीती वाटत होती, तरी मला हे उत्तर आवडलं. मीही असंच सांगतो.

बायोप्सीला मला पालथं झोपवलं, पोटाखाली उशी दिली, सोनोग्राफी लावून जागा बघितली आणि पाठीत भूल दिली. मग श्वास रोखायला सांगितला आणि स्टेपलर मारावा तसा खट आवाज झाला. दोनदा. दोन बारीक दोऱ्यांएवढे तुकडे निघाले. एवढ्याशा तुकड्यावरून अख्ख्या किडनीचं काय ते ठरणार, म्हणून मी सॅम्पल पुरेसं आहे ना ते विचारून घेतलं. डॉक्टर म्हणाले, तुम्ही आता बोलू नका.

पुढं कितीतरी तास उताणं पडून राहायचं, हलायचं नाही. शेजारच्या खाटेवर केंदूरचे एक आबा तसेच पडले होते. आम्ही दोघं छताकडं बघत गप्पा मारायचो. आबांनी मला बाजरीपासून ग्रामपंचायतीपर्यंत सगळं ऐकवलं, पण त्यांचा चेहरा कसा आहे ते मला दुसऱ्या दिवशी उठून बसल्यावर कळलं.

रिपोर्टला दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत मी भाकरीला एकदाही नाव ठेवलं नाही. रोज सकाळी आरशात बघायचो आणि विचार करायचो की आठवड्यातून तीनदा मशीनला जोडून घ्यायचं झालं तर नोकरी कशी होणार, आणि पोरीची दहावी.

रिपोर्टच्या दिवशी बाकावर आबा होते आणि आमच्याच दिवशी बायोप्सी झालेली दौंडची एक तरुण मुलगी होती. सूज तिघांनाही होती. मुलीचा रोग असा निघाला की शरीराची राखण करणारी यंत्रणाच तिच्या किडनीवर उलटली होती, तिला औषधं बरीच वर्षं घ्यावी लागणार होती. आबा बाहेर आले ते मान हलवत. गुडघेदुखीसाठी वर्षानुवर्षं दुकानातून आणून खाल्लेल्या गोळ्यांनी त्यांच्या किडनीला इजा केली होती. त्या बंद केल्या तर आहे ती टिकण्याची आशा होती. "गुडघं संभाळत बसलो, पाव्हणं," ते म्हणाले, "आन् जिला संभाळायचं तिच्याकडं बघितलंच न्हाई." आणि माझ्या पाठीवर थोपटून मला आत पाठवलं.

बायको माझ्याबरोबर आत आली. डॉक्टरांनी कागद समोर धरला. साध्या मायक्रोस्कोपखाली माझ्या किडनीत जवळजवळ काहीच दिसलं नव्हतं. मोठ्या मायक्रोस्कोपखाली गाळणीचे बारीक धागे चपटे झालेले दिसत होते. व्रण नव्हते. हा रोग बहुतेकांचा गोळ्यांनी आटोक्यात येतो, ते म्हणाले, परत उलटू शकतो, पण डायलिसिसचा विचार आत्ता मनातून काढून टाका.

मी उठायला लागलो. बायको उठेना. तिनं पर्समधून चार घड्या घातलेला एक कागद काढला आणि टेबलावर ठेवला.

"मग हे आता लागणार न्हाई ना?"

शिरूरच्या एका लॅबचा कागद होता. तिचा रक्तगट, तिची शुगर, तिच्या किडनीची तपासणी. तारीख मी दवाखान्यातून घरी आलो त्या दिवसाची. त्या दुपारी ती मला घरात झोपवून भाजी आणायला म्हणून गेली होती.

डॉक्टरांनी कागद वाचला. म्हणाले, "ताई, तुमचा गट बी आणि यांचा ओ. वेळ आली असती तरी तुमची किडनी यांना सहसा चालली नसती."

"ते तुम्ही आत्ता सांगताय," बायको म्हणाली. "मी त्या दिवशीच देऊन बसले व्हते."

मला रडू आलं. सगळ्यांसमोर, हुंदक्यानं, अजिबात न आवरता. सतरा वर्षं या बाईच्या भाकरीची जाडी मोजत आलो होतो. डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडं सरकवला. मी तो तोंडाला लावला तेवढ्यात बायकोनं माझा हात धरला.

"अर्धाच प्या," ती म्हणाली. "सूज हाय अजून."