पडद्यावरचा मामा

ब्रॉडबँडच्या भांडणात मी जिंकलो, हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढचं वाचून कुणाला तसं वाटणार नाही.

सुरतेला माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाचं जावळ होतं. जावळाला पोर मामाच्या मांडीवर बसतं आणि तो मामा मी. पण आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तिला आमच्या गावाहून, रनाळ्याहून, हलता येत नव्हतं. नातवाचं जावळ बघायला मिळणार नाही म्हणून ती दोन दिवस धड जेवली नाही. तेव्हा मी जाहीर केलं, "घरात ब्रॉडबँड आहे. आजी आणि मामा दोघंही टीव्हीवरून हजर राहतील." तिकडे मांडी शेजारच्या भरतभाईंची उसनी घ्यायची आणि इकडून मामा म्हणून मी बसायचं, असं ठरलं. (मोबाईलला आमच्याकडे बोलण्यापुरतीच रेंज.) बहीण फोनवर म्हणाली, "दादा, तू येता तर बरं व्हतं." मी तिला जमाना कुठे चाललाय ते समजावलं.

आदल्या दिवशी मेसेज आला: दर वाढला आहे, फरक भरा, नाहीतर स्पीड कमी होईल. माझं डोकंच फिरलं. वर्षाचे पैसे मी आगाऊ भरलेले आणि पावतीवर 'वर्षभर हाच दर' असं छापलेलं. करार चालू असताना एकट्याने दर बदलायचा म्हणजे काय? ग्राहकाला काही हक्क आहेत की नाही? (हे मी बायकोला विचारलं. ती भाकरी थापत होती.)

आता आमच्या गल्लीचा इंटरनेटचा डबा आमच्या गच्चीवर आहे आणि तो चालतो आमच्या विजेवर. जावळाच्या सकाळी मी गच्चीवर गेलो, डब्याचं बटण बंद केलं, गच्चीच्या दाराला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि कुणाला काही न सांगता नंदुरबारची एसटी पकडली. तासाभरात निकाल लावून मुहूर्ताच्या आत परत येण्याचा बेत होता.

ब्रॉडबँड देणारा केबलवाला संजू माझा जुना विद्यार्थी. त्याच्या दुकानात मी मुद्दाम शुद्ध मराठीत सुरुवात केली. (हक्क अहिराणीत मागितले की घरचं भांडण वाटतं.)

"कराराच्या मुदतीत दरवाढ करणं बेकायदेशीर आहे."

"सर, वरथून वाढना. मी काय करू?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. गल्लीतून तक्रार होती. मग दुसरी आली, तिसरी आली. संजूला घाम फुटला आणि मी निवांत चहा मागवला. माझाही फोन खिशात थरथरत होता, पण भांडताना मी फोन घेत नाही. शेवटी त्याने पावतीच्या मागे लिहून दिलं की वर्षभर जुनाच दर राहील. तिथे थांबायला हवं होतं. मी म्हटलं, "आता दिलगिरीही लिही."

तो लिहीत असताना पुन्हा फोन आला. हात गुंतलेला म्हणून त्याने स्पीकर लावला. आवाज माझ्या बायकोचा होता.

"संजूभाऊ, लाईन चालू करा ना. तठे मामानी वाट देखी ऱ्हायनात, मुहूर्त टळी ऱ्हायना. आणि आमनं घरनं माणूस फोनबी उचली नही ऱ्हायनं."

संजूने माझ्याकडे पाहिलं. मी खिशातली किल्ली चाचपली. दिलगिरीचा कागद तिथेच राहिला.

घरी पोचलो तेव्हा गल्लीतल्या बाया उठून गेल्या होत्या. आई नवं लुगडं नेसून बंद टीव्हीसमोर बसली होती. टीव्हीला तिने हळदकुंकू लावलं होतं. औक्षणाच्या ताटातलं निरांजन विझलेलं.

"व्हई गयं," ती म्हणाली. "भरतभाईले मामानी टोपी घाली दिन्ही." म्हणजे मामाच्या मानाची टोपी भरतभाईंच्या डोक्यावर गेली. मग तिने विचारलं, "तू भांडाले गयथा ना? जितना का?"

"हो."

"बरं व्हयनं," म्हणून ती भिंतीला धरून लुगडं बदलायला उठली. मला फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं. व्हिडिओ नंतर आला, तिने तो पाहिलाही, पण ओवाळलं नाही.

भाचा आता बोलायला लागलाय. पडद्यावर मी दिसलो की नेटवाले काका म्हणतो आणि मामा कुठे विचारलं की धावत भरतभाईंच्या दारात जातो.

संजूने शब्द पाळला. वर्षभर दर बदलला नाही. मामा तेवढा करार चालू असताना बदलला.