धुऊन नेलेली पोरगी

आमच्या एकोडीच्या रेवताकाकीएवढी साफसफाईची मासोळीवाली साकोलीच्या बाजारात दुसरी नाही. मासोळी आधी घरी धुणार, मग बाजारात ओल्या पोत्यावर मांडणार, वरून पुन्हा पाणी शिंपडणार. गिऱ्हाईक कल्ले उचलून विचारते, "कधीची हाय, काकी?" की हिचं उत्तर तयार. "आजची हाय जी. सकाळीच काढली." परवाची असली तरी सकाळीच काढली! मी तिची शेजारीण. लग्न होऊन आली तेव्हापासून हेच ऐकून राहिली.

तिची नात खुशबू. तान्ही होती तेव्हा मुका घेतला की ओठाले मीठ लागे. काकी म्हणे, "आपण तलावाच्या गोड्या पाण्याचे लोक, अन् ही समुद्राची कुठून आली वो?" आम्ही सगळ्या हसलो. मग पोरीचं वजन वाढेना, खोकला जाईना. नागपूरच्या दवाखान्यात घामाची तपासणी झाली अन् आमचं हसणं बंद झालं. सिस्टिक फायब्रोसिस. जन्माचा आजार. छातीतला कफ चिकट होते, निघता निघत नाही, अन् त्यात जंतू घर करते. त्यातला एक तर भारी बदमाश. नवा असताना पकडला तर औषधानं निघून जाते, मुरला तर जन्मभर फुप्फुस पोखरत बसते. म्हणून डॉक्टरीणबाईनं बजावलं, पोरगी बरी असो का नसो, दर तीन महिन्यांनी आणायची अन् कफ तपासायचा.

बरी असताना दवाखाना! गावाले तर बोलायले विषयच भेटला. "दुखणं नाही तर कायले जाऊन राहिल्या?" काकी एकेकाशी भांडली, पण एक खेप चुकवली नाही. हे तिचं मले मानावंच लागते.

पण जायची तिची रीत पाहा. पहाटे पोरीले आंघोळ, तेल लावून घट्ट वेणी, दात घासणं. मग मागच्या अंगणात पालथी पाडून पाठ थोपटायची. हे थोपटणं डॉक्टरीणबाईनंच शिकवलेलं, कफ निघावा म्हणून. काकी पोरीची छाती रिकामी होईपर्यंत थोपटे अन् निघालेल्यावर चुलीतली राख टाके. मी म्हणली, "काकी, तोच तर पाहाचा हाय न त्याइले." तर माझ्यावरच उलटली. "मोठ्या डॉक्टरसमोर पोरगी घाण थुंकत बसंल का? म्हणतील, घरच्या बाईले पोरगी साफ ठेवता येत नाही!"

झालं. नागपूरले पोचून खुशबू डब्यात थुंके ती नुसती लाळ. रिपोर्ट साफ. त्या आठवड्याच्या बाजारात काकी गिऱ्हाइकाले दोन टुकडे जास्त टाके अन् सांगे, "माह्या पोरीच्या छातीत काहीच नाही निघालं!" निघंल कुठून? सारं तर राखेखाली.

दिवाळीनंतरच्या खेपेले पोरीची माय डिंपल धान कापायले गेली होती, म्हणून सोबत मी गेली. खुशबूचे गाल बसले होते. दवाखान्याच्या पायऱ्या चढताना दोनदा थांबली. डॉक्टरीणबाईनं वजन पाहिलं, जुने रिपोर्ट पाहिले. "रिपोर्ट स्वच्छ आणि मुलगी सुकत चाललीय, हे काही जुळत नाही. खुशबू, घरी कफ निघतो का गं?"

"निघते न," खुशबू म्हणली. "इथं यायच्या आधी आजी सारा काढून टाकते. वरून राख टाकते."

डॉक्टरीणबाईनं पेन खाली ठेवला. "आजी, रंग कसा असतो?"

काकीनं पदर तोंडाले लावला. "हिरवा."

"कधीपासून? खरं सांगा. त्यावरून ठरवते, रिपोर्टची वाट पाहायची की आजच औषध सुरू करायचं."

बापा! कधीची हाय, हे काकीले साऱ्या बाजारानं जन्मभर विचारलं होतं. तिचे ओठ हलले. मले वाटलं, आता म्हणते, आजचा हाय जी. असा राग आला, टेबलाखालून चिमटा काढायले हात नेला.

"पोळ्यापासून," काकी म्हणली. "पोळ्याच्या आधीपासूनच जी. मीच झाकून राहिली. मले वाटलं, घाण निघून राहिली, म्हणजे पोरगी बरी होऊन राहिली." अन् हुंदके देऊन रडायले लागली.

डॉक्टरीणबाई रागावली नाही. पोरीले खाऱ्या पाण्याची वाफ दिली. आधीच खारट पोरगी, तिले आणखी खारं पाणी! खोकून खोकून डब्यात हिरवा गोळा पडला. "शाब्बास!" डॉक्टरीणबाई म्हणली. थुंकल्याबद्दल शाब्बासकी, काकी माझ्याकडं पाहतच राहिली. औषध त्याच दिवशी सुरू झालं. रिपोर्टात तोच बदमाश निघाला. उशीर झाला, निघंल का मुरला हे आता सांगता येत नाही, म्हणे.

मग रोज औषधाची वाफ. काकी समोर बसून पुरी करून घे. पुढच्या खेपेले पोरीले ना थोपटलं, ना साधी चूळ भरू दिली. एसटीत कोणी पोरीशी गंमत केली की काकी खेकसे, "हसवू नका तिले! खोकला आला तर माल इथंच सांडंल."

काही दिवसांनी दवाखान्यातून फोन आला. काकीनं पहिलं विचारलं, "कफ होता का लाळ?"

"कफच होता, आजी. जंतू नाही सापडला. तीन महिन्यांनी पुन्हा आणा."

काकीनं फोन डिंपलकडं देला अन् माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडली, खोटं कायले बोलू?

त्या बाजारी मी तिच्या पोत्यासमोर उभी राहिली. एका बाईनं कल्ले उचलून विचारलं, "कधीची हाय?"

"आजची हाय जी. सकाळीच काढली."

कालची होती. वास तर माझ्या अंगणापर्यंत आला होता. तरी मी अर्धा किलो मागितली. काकीनं तोलली, माझ्याकडं न पाहता दोन टुकडे जास्त टाकले.