निनादने पाठ केलेली चूक

निनाद पुणतांबेकर लहानपणापासून भित्रा. नदीकाठच्या ब्रह्माघाटाच्या गल्लीत सांड आडवा उभा दिसला की हा लांबच्या गल्लीने शाळेत जायचा. पलीकडच्या काठावर रामनगरला जायचं तर नावेत पाय ठेवायचा नाही, पुलावरून जायचा. घरी वडील, देवव्रतशास्त्री, मुलांना वेद शिकवायचे. स्वर चुकला तर म्हणणाऱ्यालाच बाधतो, हे त्यांनी पोराला पाचव्या वर्षीच बजावलं होतं. त्याने ते इतकं मनाला लावून घेतलं की पुढे जॅझसुद्धा तो जीव मुठीत धरून शिकला.

होय, जॅझ. हसू नका. लग्नाच्या बँडमधल्या एकाने विकायला काढलेला जुना सॅक्सोफोन त्याने घेतला, फोनवर सापडलेली तीन मिनिटांची एक क्लिप ऐकली आणि सात महिने तेवढीच घोकली. पद्धत घरचीच. आधी ऐकायचं, मग दहा वेळा म्हणायचं, तसूभरही फरक होऊ द्यायचा नाही. पाठ असलं की चुकायची भीती नाही, असा त्याचा हिशेब.

अस्सी घाटाजवळ राहणाऱ्या शरदिनी कानिटकर विद्यापीठातून निवृत्त झालेल्या. पियानो त्या वाजवायच्या आणि त्यांच्या जॅझच्या चमूत सॅक्सोफोनची जागा रिकामी होती. ती मिळाली नाही तर सोमवारी मिर्झापूरच्या बँकेत रुजू व्हायचं, असं निनादचं वडिलांशी ठरलं होतं. एकदा तिथे गेलो की हा सॅक्सोफोन कायमचा पेटीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

शनिवारी सकाळी तो शरदिनीताईंच्या खोलीत उभा राहिला. शेजारी अनिश नावाचा तरुण बास गिटार घेऊन बसला होता. निनादने डोळे मिटले आणि वाजवायला सुरुवात केली. एक सूर इकडचा तिकडे झाला नाही. मध्येच सॅक्सोफोन कर्कश किंचाळला, पुन्हा सुरळीत झाला, आणि तुकडा संपला.

“मध्ये किंचाळलं ते काय होतं?” शरदिनीताईंनी विचारलं.

“मूळ वाजवणाऱ्याचंच आहे ते, ताई. तसंच्या तसं.”

“अरे, त्याच्या सॅक्सोफोनच्या तोंडाची पट्टी, रीड, दगा देऊन गेली असेल तिथे! आणि तू ती चूक पाठ केलीस?”

“गलती भी रट ली, भाई?” अनिश फिसकन हसला. निनादची कानशिलं तापली.

“कुणाचं वादन आहे हे?”

“क्लिपवर नाव नव्हतं.”

“बरं, गाणं गुणगुणून दाखव. ज्यावर त्याने वाजवता वाजवता हे सगळं रचलं, ते.”

क्लिप मधूनच सुरू व्हायची. त्याआधी एखादं गाणं असेल, हे निनादच्या डोक्यातच आलं नव्हतं.

शरदिनीताई रागावल्या नाहीत, याचीच त्याला जास्त धास्ती वाटली. त्यांनी पियानोवर ते गाणं सावकाश वाजवलं. साधं, गुणगुणण्याजोगं. आपण सात महिने घोकलेली प्रत्येक उडी मूळ वाजवणाऱ्याने कुठून घेतली होती ते निनादला पहिल्यांदा ऐकू आलं, आणि त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

“हे गाणं त्याने कितीतरी जणांकडून ऐकलं असणार,” ताई म्हणाल्या. “म्हणून त्याला स्वतःचं काही सुचलं. आता तू वाजव. नुसतं गाणं.”

पाठ काहीच नव्हतं. निनादने फुंकर मारली, चुकला, थांबला, पुन्हा चुकला. अनिश हसायचा थांबून त्याच्यासाठी ताल धरून बसला.

“जागा आत्ता देत नाही,” शेवटी ताई म्हणाल्या. “शिकायचं असेल तर रोज सकाळी ये.”

घरी येऊन त्याने वडिलांना सगळं सांगितलं. खोटं बोलायचीही त्याच्यात हिंमत नव्हती. जागा गेली हे शास्त्रीबुवांनी शांतपणे ऐकलं. पण पुढचं ऐकून त्यांचा चेहरा उतरला.

“सात महिने ज्याची विद्या घेतलीस, त्याचं नावही तुला मालूम नाही?”

“नाही, बाबा.”

शास्त्रीबुवांनी समोरची पोथी मिटली.

“गुरूविना उचललेली विद्या चोरीच ठरते. बँकेला कळव, येत नाही म्हणून. त्या बाईंपुढे बस आणि पहिल्यापासून शीक.”

निनादला रडू कोसळलं. बँक टळली होती, पण उद्या सकाळी त्याच गाण्यापुढे पुन्हा उभं राहायचं होतं, काहीही पाठ नसताना.