पावलंवाली

सिनेमात नटी जिना उतरते, पण पावलं वाजतात ती आमच्या पावलंवालीची. बंद खोलीत समोर चित्र हलत असतं आणि ही बाई माईकपुढे कधी वाळूच्या परातीत, कधी फरशीच्या तुकड्यावर चालत असते. दिवसभर चालते आणि कुठेच पोचत नाही, अर्धवट झोपेत असल्यासारखी. म्हाताऱ्या आईचं मत ठरलेलं. "चपला घासायची नोकरी म्हणे! कठीण आहे बाई."

आईची दृष्टी गेली, तेव्हापासून लेकीला एकच ध्यास लागला होता. आपण पावलं दिलेला नवा सिनेमा तिला थिएटरात नेऊन ऐकवायचा. त्यात एक बाई भर दुपारी नवऱ्याचं घर सोडते. बोलत नाही, रडत नाही, नुसती चालते. ती पावलं लेकीने जीव ओतून वाजवली होती.

पण मंत्रीसाहेबांचं डोकं फिरलं ना! सिनेमा बघायची तसदीही न घेता भडकले. "घरंदाज बायका अशा चालत्या होतात?" थिएटरवाल्यांची पाचावर धारण बसली, सिनेमा उतरला. लेक हिरमुसली. आता कसला ऐकवतेय आईला!

आणि गंमत बघा, साहेबांच्या आरडाओरड्यासोबत टीव्हीवाल्यांनी नेमका तोच तुकडा दाखवायचा सपाटा लावला. फुकटची जाहिरात, दुसरं काय! दुपारी मायलेकी जेवून पडल्या होत्या. पडद्यातून पिवळं ऊन झिरपत होतं, पंख्याच्या घरघरीत दोघींना गुंगी येत होती. टीव्हीवर साहेब कडाडले, दम खायला थांबले, आणि खोलीभर पावलं चालू लागली. हलकी, अनवाणी. दाराशी थबकली. बराच वेळ काहीच नाही. मग निघाली ती थेट बाहेर.

आई ताडकन उठून बसली.

"आई, ही माझी पावलं," लेक घाईघाईने म्हणाली.

"तुझी कसली? माझी आहेत ती."

लेकीने पाय पोटाशी घेतले.

"म्हणजे त्या दुपारी झोपेचं सोंग घेतलं होतंस होय गं?" आईने विचारलं.

"हो. लहान होते मी. तू दारापर्यंत गेलीस, थांबलीस... मी श्वास रोखून पडले होते. मग परत आलीस."

"तुझ्या तोंडाकडे बघून आले."

टीव्हीवर साहेब पुन्हा सुरू झाले. आईने चाचपडत लेकीचे पाय शोधले आणि मांडीवर घेतले.

"हिला जाऊ दिलंस," ती म्हणाली. "बरं केलंस हो."