मामांचं करडं कार्ड

पांढऱ्या रंगावर काडीचाही विश्वास नसलेला माणूस अख्ख्या कोल्हापुरात एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. कळंब्याच्या रस्त्यावर मामांचा फोटो स्टुडिओ आहे. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं, की मामा आधी त्याला एक करडं कार्ड हनुवटीखाली धरायला लावतात. त्याचा फोटो काढून कॅमेऱ्याला समजवायचं, की बाबा रे, या दिव्यांच्या उजेडात बिनरंगी म्हणजे हे. आता बाकीचे रंग यावरून लाव. मग दिवसभर सगळ्यांचे रंग एकसारखे येतात. दुसरे फोटोग्राफर हे सकाळी एकदा करून मोकळे होतात, मामा मात्र गिऱ्हाईक शिंकलं तरी पुन्हा करतात. पासपोर्टच्या फोटोला आलेला एक जण "मामा, एसटी जाईल की," म्हणून कळवळला, तर म्हणाले, "जाऊ दे की. गगनबावड्याला दुसरी हाय. तोंड तुला एकच हाय."

एकदा फ्लेक्सच्या फोटोसाठी एक पुढारी कडक इस्त्रीची टोपी घालून आले. "कार्ड कशाला? ह्या टोपीवरनं लावा की. पांढरीधोप हाय." मामांनी टोपी दिव्याखाली फिरवून बघितली. "न्हाय साहेब, निळी हाय. वैनींनी नीळ जास्त घातलीया." पुढारी हट्टाला पेटले. मामांनी टोपीवरून रंग लावून फोटो काढला आणि दाखवला. टोपीची निळाई काढायच्या नादात कॅमेऱ्याने साहेबांना हळद लागल्यासारखं पिवळं केलं! मग त्यांनी मुकाट्याने कार्ड धरलं.

गेल्या वर्षी मामांचं त्या कार्डाशीच बिनसलं. "पिवळं पडलंया," म्हणत त्यांनी तीन महिन्यांत चार कार्डं बदलली. कॅमेरा फोटो चोख काढायचा, पण मामा कम्प्युटरवर बसून ते आपल्या नजरेने सुधारायचे. एका नवरीचा शालू त्यांनी असा सुधारला, की माणसं अल्बम परत घेऊन आली. मामा भांडले नाहीत, याचीच मला भीती वाटली. "मामा, डोळे दाखवू या का?" मी विचारलं. ते कार्ड पुसत राहिले. "पावणं, डोळं गेलं म्हणून सांगितलं, तर मी काय करू?" शेवटी मामींनीच त्यांना हाताला धरून दवाखान्यात नेलं. मोतीबिंदू निघाला.

ऑपरेशननंतर पट्टी निघाली, त्या दिवशी मी मुद्दाम कार्ड घेऊन मामांच्या घरी गेलो. मामांनी त्याकडे बघितलंसुद्धा नाही. मामी चहा घेऊन आल्या होत्या, आणि ते त्यांच्याकडेच बघत राहिले.

"अगं, तुझं केस येवढं पांढरं कवा झालं?"

"धा वर्सं झाली की!" मामी हसल्या.

"मला करडंच वाटायचं," मामा म्हणाले.

महिन्याभराने स्टुडिओ उघडला, तो मामींना स्टुलावर बसवून. साऱ्या गावाचे फोटो काढणाऱ्या या माणसाने बायकोचा एकही फोटो स्टुडिओत लावलेला नव्हता. आता दारासमोरच लागलाय. मामी हनुवटीखाली कार्ड धरून लाजताहेत.

"मामा, हा तर कार्डाचा फोटो. खरा कुठाय?" मी विचारलं.

"दुसरा काढाय गेलो, तर मला काय दिसंनाच."

मी घाबरलो. "म्हणजे? ऑपरेशन बिघडलं का काय?"

मामी पदराने फोटोची काच पुसत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "न्हाय वो पावणं. रडाय लागलं हुतं तुमचं मामा."